दोघांची साखर

आमच्या घरात माणसं तीन आणि बोलणी दोन. आई माझ्याशी बोलते, बाबा माझ्याशी बोलतात, आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. हे आजकालचं नाही, मी दुसरीत होते तेव्हापासूनचं आहे. कशावरून धरला हा अबोला, असं विचारलं तर आई सांगते की मामा आजारी असताना बाबा ‘उद्या जाऊ’ म्हणाले आणि तो उद्या उजाडायच्या आत मामा गेला. बाबा म्हणतात, ते सोड, तुझ्या आईने मला चार माणसांत खोटारडा म्हटलं. दोन्ही खरं असेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आमच्याकडे सुंभ जळतही नाही. रोज सकाळी नवा वळला जातो.

निरोप पोचवण्याचं काम माझं. आई म्हणायची, “सांग त्यांना, दिवा बंद करायला हात झिजतात का.” मी बाबांना सांगायचे, आईला झोप येतेय. बाबा म्हणायचे, “तुझ्या आईला म्हणावं, मीठ स्वस्त झालंय का.” मी आईला सांगायचे, बाबांना आज तहान फार लागतेय. ध चा मा करणारे लोक दुष्ट म्हणून प्रसिद्ध आहेत. मी आयुष्यभर उलटा ध चा मा करत आले आणि त्याबद्दल मला कुणी काडीचं श्रेय दिलं नाही. शेजारच्या काकू मला टपाल म्हणतात. मी छापखान्यातून घरी येताना दिसले की अंगणातूनच विचारतात, “आलं का गं टपाल?” मी हसते. पूर्वी खरंच हसू यायचं.

लांब्या, उंचीवरून सगळे त्याला असंच म्हणत, मी काम करते त्याच छापखान्यात यंत्रावर होता. त्याला दुसऱ्या शहरात मोठ्या छापखान्यात काम मिळत होतं आणि त्याला मी बरोबर हवी होते. मलाही तो हवा होता. एवढं सोपं होतं ते. मी त्याला म्हटलं, ज्या दिवशी ही दोघं एकमेकांना एक वाक्य सरळ बोलतील, अगदी ‘सरक’ म्हणाले तरी चालेल, त्या दिवशी मी निघाले. तो म्हणाला, आणि नाहीच बोलले तर? मी म्हटलं, उद्या एकजण न्हाणीघरात पाय घसरून पडला तर दुसरा हाक कुणाला मारणार? काकूंना? त्याने माझी अट वेडगळ आहे असं कधी म्हटलं नाही, म्हणून तो मला आवडायचा.

आता या दोघांचं मिळून असं एकच काम उरलं आहे, ते म्हणजे वाइन. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी दोघांनी हौसेने द्राक्षांची वाइन केली होती आणि तेव्हापासून दर वर्षी ती होते. बोलणं थांबलं, वाइन थांबली नाही. बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे त्यांचं सगळं मापात. नळकांडं, तापमापक, नरसाळं. आई लोकांचे कपडे शिवते, तिचं सगळं नजरेत आणि बोटांत. बाबा द्राक्षं चिरडतात, आई गाळते. बाबा काचेचा बुधला कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा ते ठरवतात, आई त्याला कान लावून ऐकते आणि आंबणं संपलं की नाही ते सांगते. मला सांगते, अर्थात.

बुडबुडे येतात ते शेवटच्या पायरीला. तयार वाइन जाड बाटल्यांत भरायची, प्रत्येक बाटलीत थोडा साखरेचा पाक आणि चिमूटभर यीस्ट घालायचं, वर बूच ठोकून तारेने आवळायचं. मग आत पुन्हा आंबणं सुरू होतं, वायूला बाहेर पडायला वाट नसते आणि तो वाइनमध्येच मुरतो. पाक कमी पडला तर वाइन मिळमिळीत होते. जास्त झाला तर काच किती सोसेल ते काचच ठरवते. म्हणून पाक घालणं हे जोखमीचं काम, आणि ते माझं. बाबा माप सांगत, आई शेजारून ‘पुरे’ म्हणे, आणि माझा हात त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी थांबे. आजवर एकही बाटली दगावली नव्हती.

या वर्षी मला अक्कल सुचली. आमचा साखरपुडा घरीच करायचा ठरला होता, अगदी मोजक्या माणसांत, आणि त्या दिवशी याच वाइनचं कॉकटेल करून सगळ्यांनी एकदम पेले उंचवायचे हेही ठरलं होतं. माझ्या मनात आलं, बाटल्या भरायच्या दिवशी आपण घरात असूच नये. पाक हे काम असं आहे की ते विचारल्याशिवाय होणारच नाही. ‘घातला का?’ एवढं तरी कुणालातरी विचारावंच लागेल. एक दिवस टपाल बंद ठेवू, बघू काय होतं ते. छापखान्यात जादा काम आहे अशी थाप मारून मी सकाळीच लांब्याच्या बहिणीकडे जाऊन बसले. तिथे दिवसभर मी पुढ्यातलं ताट सोडून घड्याळच बघत होते. ती विचारत राहिली, बरं नाही का.

संध्याकाळी घरी आले तर बाटल्या जिन्याखालच्या खोलीत ओळीने आडव्या ठेवलेल्या, बुचं ठोकलेली, तारा आवळलेल्या. मी मोठ्याने विचारलं, “झालं का सगळं?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “झालं.” बाहेरच्या ओट्यावरून बाबा म्हणाले, “झालं.” मी विचारलं, “पाक?” आई म्हणाली, “घातला.” बाबा म्हणाले, “घातला की.”

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. बोलल्याशिवाय हे होणं शक्यच नव्हतं, आणि झालं होतं, म्हणजे ते बोलले होते. मी चपलाही न काढता तशीच बाहेर गेले आणि लांब्याला सांगून आले, बोलले रे. त्याने दुसऱ्या दिवशी नव्या छापखान्याला, साखरपुडा झाला की येतो, असा होकार कळवला. काय बोललात, कोण आधी बोललं, हे मी घरात विचारलं नाही. नव्या गोष्टीला दृष्ट लागू नये म्हणून नाही विचारलं. त्यानंतरही माझ्यादेखत दोघं मिठाची गुळणी धरूनच होते आणि ‘सांग त्यांना’ चालूच होतं. पण मी स्वतःची समजूत घातली की इतक्या वर्षांनी बोलायला लागलेली माणसं लाजणारच. माणसाला जे हवं असतं त्याचा पुरावा तो कुठूनही गोळा करतो.

मधल्या महिन्यांत जिन्याखाली एक बाटली फुटली. बाबांनी काचा झाडल्या आणि म्हणाले, जुनी बाटली होती, चीर असेल. आई दारात उभी राहून बघत होती. तीही म्हणाली, चीर असेल. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालेलं पाहून मला किती बरं वाटलं होतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी कॉकटेलच्या मागे लागले. डाळिंबं सोलून त्यांचा रस काढला, मंद आचेवर आटवत ठेवला, चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतका घट्ट केला. त्यात थोडा आल्याचा रस घातला. संत्र्याच्या सालीच्या लांब पातळ पट्ट्या कापल्या. पट्टी पेल्यावर धरून पिळली की सालीतलं तेल उडतं, पेल्याच्या काठाला लागतं आणि प्यायच्या आधीच नाकात जातं. आईने एक पट्टी पिळून पाहिली, बोटांचा वास घेतला आणि म्हणाली, “छान. आता नुसतं हुंगवूनच पाठवून दे सगळ्यांना.” चव बघायला मी दुकानातला सोडा वापरला होता. रस तळाशी राहावा आणि वरून ओतलं की हळूहळू चढावा, असं मला हवं होतं. तसं झालं. बाबांनी तो सोडा घोटाघोटाने संपवला आणि म्हणाले, आलं एक थेंब कमी कर. मी केलं. त्या दिवशी दुपारभर आम्ही तिघं त्या लहानशा स्वयंपाकघरात होतो आणि मी सुखात होते.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर माणसं आली. माणसं म्हणजे लांब्या, त्याची बहीण आणि शेजारच्या काकू. काकूंनीच उंच पेले आणले होते. आईने स्वतः शिवलेला नवा पोशाख घातला होता, बाबांनी सदऱ्याची इस्त्री बसून मोडू नये म्हणून तासभर उभ्यानेच काढला. काकू म्हणाल्या, आता या घरातलं टपाल खातं बंद होणार, लोकांनी काय करायचं? सगळे हसले. मी पेले ओळीने मांडले, तळाशी चमचा चमचा रस घातला, काठावर साल पिळली. आता फक्त वाइन ओतायची राहिली होती.

पहिली बाटली लांब्याने उघडली. तार सैल केली मात्र, बूच त्याच्या हातातून सुटून छताला जाऊन आदळलं आणि मागोमाग फेसाचा लोट उसळला. त्याचा सदरा भिजला, भिंत भिजली, काकूंचे केस भिजले. बाटलीत निम्मीही उरली नाही. लांब्याची बहीण पोट धरून हसत होती. काकू म्हणाल्या, लग्नाआधीच अंघोळ घातली पोराने. मीही हसत होते, हसता हसता बाबांकडे पाहिलं, आणि ते हसत नव्हते. ते बाटलीकडे बघत होते. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे आधीपासूनच बघत होती.

इतक्या वर्षांत त्यांना एकमेकांकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं. डोळ्याला डोळा, हलत नाही. मला वाटलं, आता बोलणार. सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, आता.

आई म्हणाली, “एवढ्याने कुणाचे पेले भरणार? दुसरी आणते.” आणि ती वळली. बाबा घाईने माझ्याकडे आले, माझा दंड धरला आणि म्हणाले, “बाळ, आईला सांग...”

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मी हसून, लाडात येऊन म्हटलं, “आता तुम्हीच सांगा ना, बाबा. समोर तर आहे.”

त्यांनी आईच्या पाठीकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जीभ हललेली दिसली. मग तोंड मिटलं. आई जिन्याखालच्या दारातून आत गेली, आणि आम्ही आवाज ऐकला.

ती बाहेर आली ती उजवा हात डाव्या हातात धरून. फुटलेल्या बाटलीचा तळ अजून काखेत होता, तो तिने नीट खाली ठेवला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. सगळ्यांच्या आधी बाबा पोचले. त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून तिच्या हाताला गुंडाळला, तिचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरलं. दोघांची तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर होती. बाबा तिच्याकडे बघत मला म्हणाले, “तिला सांग, हात वर धर.”

आई त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, “त्यांना सांग, धरलाय.”

आणि मी सांगितलं. दोघांनाही सांगितलं. मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ वेळ टाके घातले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, जीवाला धोका नाही, पण अंगठा आणि पहिलं बोट ज्यांनी वाकतं त्या आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत. जोडल्या आहेत, बघू. काम काय करतात या? मी म्हटलं, शिवणकाम. त्यांनी पुन्हा ‘बघू’ म्हटलं, पण या वेळी माझ्याकडे न बघता.

बाबा बाकावर बसले होते, अंगावर काकूंनी दिलेली शाल. मी शेजारी बसले. ते समोरच्या भिंतीला सांगावं तसं सांगायला लागले. बाटल्यांत पाक घालायला ते गेले तेव्हा पहिल्याच बाटलीच्या तोंडाशी त्यांना गोडसर वास आला होता. दुसरीला पण. त्यांना वाटलं होतं, हिने घातलेला दिसतो.

“मग तुम्ही कशाला घातलात?”

“नक्की कुठे होतं? तिने घातला नसता आणि मीही नसता घातला, तर तुझ्या दिवशी मिळमिळीत पाणी प्यायचं का लोकांनी?”

“विचारायचं होतं ना.”

“विचारायला तू नव्हतीस.” हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला ओरडताही येईना. थोड्या वेळाने म्हणाले, “तू आल्यावर विचारू म्हटलं. तू आलीस ती हसतच आलीस.”

मी आत आईकडे गेले. तिचा हात उशीवर उंच ठेवला होता. मी तिला काही विचारलं नव्हतं, पण तिने सगळं ऐकलेलं दिसत होतं, दार उघडंच होतं. ती म्हणाली, “मी खिडकीतून बघत होते. ते बाहेर नरसाळं घेऊन एकेका बाटलीशी वाकत होते. मी म्हटलं, अरे देवा, मी आत्ताच तर घातला.”

“मग?”

“मग काय? सांगणार कोण?”

मला खूप राग आला. इतका की मला तिच्या बांधलेल्या हाताचीही दया येईना. खिडकी उघडी होती. बाबा हातभर अंतरावर होते. ‘अहो’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी तिला म्हटलं, आणि मी आल्यावर? ती म्हणाली, तू इतकी खूश होतीस, म्हटलं आता कशाला. बाटल्या जाड आहेत, निघेल तरून.

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. पहिली बाटली जिन्याखाली फुटली तेव्हाही माहीत होतं, चीर असेल म्हणाले तेव्हाही. दोघं घरात त्या बाटल्यांवरून रोज ये-जा करत होते, झोपत होते, उठत होते, आणि आज ना उद्या मी कुणाचा तरी निरोप कुणाला तरी पोचवेन याची वाट बघत होते. आणि मी निरोप मागितलाच नाही. उलट शेवटचा एक द्यायला आले होते बाबा, तो मी हसून परत पाठवला.

लांब्या खाली फाटकापाशी उभा होता. त्याने घरी जाऊन उरलेल्या बाटल्यांवर ओल्या गोधड्या टाकल्या होत्या, खोलीला कुलूप लावलं होतं, पेले धुऊन काकूंना परत केले होते. सदऱ्यावर फेसाचे डाग वाळले होते. तो म्हणाला, आईंचा हात जरा बरा होऊ दे, मग ठरवू, मी त्यांना थोडे दिवस मागून घेतो. मी मान हलवली. नाही अशी हलवली.

तो म्हणाला, “त्या दोघांना एकमेकांचं ऐकू येतं गं. बहिरे नाहीत. तू मध्ये आहेस म्हणून बोलत नाहीत. तू निघालीस की...”

“मी मध्ये नव्हते,” मी म्हटलं. “दोनदा नव्हते. बाटल्या भरल्या तेव्हा, आणि आज. बघितलंस ना.”

तो माझा हात धरून म्हणाला, पोचल्यावर कळवतो. मी म्हटलं, कळव. त्याने वाट बघ असं म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. आम्ही दोघंही रडलो. येणारे-जाणारे बघत होते, इस्पितळाच्या फाटकात रडणाऱ्यांकडे लोक बघतात तसे, फारसं आश्चर्य न वाटता.

मी वर आले तेव्हा बाबा बाकावरून उठून आईच्या खोलीच्या दारात उभे होते. आत जात नव्हते. आई जागी होती, तिचे ओठ कोरडे पडले होते. तिने त्यांना पाहिलं होतं, त्यांनी तिला पाहिलं होतं. मला बघून बाबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिचा मला तिरस्कार वाटला.

“तुझ्या आईला विचार, पाणी हवंय का.”

खोली लहान होती. आईने ते ऐकलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

मी विचारलं.

“हवंय म्हणावं,” आई म्हणाली.

मी दाराकडे वळले आणि सांगितलं, हवंय म्हणते. बाबा लगबगीने गेले, पाणी घेऊन आले आणि त्यांनी पेला माझ्या हातात दिला.